स्पॉट वेल्डिंगचं शेड्यूल कसं बसवता? सकाळी झकास, दुपारी भोकं

चार्ज_कर_रे
मंडळी, इथे वेल्डिंगवाले कोणी आहेत का? आमचं भोसरीत छोटं युनिट आहे, लिथियम बॅटरी पॅक बनवतो. १८६५० मापाचे गोल सेल, त्यावर ०.१५ एमएमची निकेल पट्टी, दोन्ही टिपा (करंट देणारे इलेक्ट्रोड) वरूनच एका बाजूने येतात असं हेड. आधी नॉबवालं साधं मशीन होतं, आता इन्व्हर्टर टाईपचा प्रोग्रामेबल पॉवर सप्लाय घेतलाय. आणि त्यात इतकं काय काय आहे की डोकं फिरतं. स्क्वीझ, अपस्लोप, वेल्ड १, कूल, वेल्ड २, डाऊनस्लोप, होल्ड, त्यावर परत करंट मोड, व्होल्टेज मोड, पॉवर मोड. सप्लायरचा माणूस आला, शेड्यूल टाकलं, चहा प्यायला आणि गेला.

सध्या असं आहे: कॉन्स्टंट करंट मोड, वेल्ड १ ला ०.६ किलोअँप २ मिलिसेकंद, कूल ५, वेल्ड २ ला १.४ किलोअँप ५ मिलिसेकंद. सकाळी पट्टी पकडीने ओढली की मस्त बटण निघतं, म्हणजे वेल्डचा गोल तुकडा पट्टीतून तुटून सेलवरच राहतो. जेवणानंतर तेच शेड्यूल, तोच ऑपरेटर, तेच सेल, आणि स्पॅटर (वितळलेल्या धातूचे थेंब) उडून पट्टीला भोकं. रोज होत नाही, मधूनच होतं म्हणून जास्त त्रास. करंट उतरवला तर दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी नुसती चिकटते, नखाने सुटते. करंट कमी करू की वेळ कमी करू? का सकाळचं एक आणि दुपारचं एक अशी दोन शेड्यूल ठेवू? हसू नका.

खवचट_खंडू
दुपारी १ ते ४ बंद ठेवा. पुण्यात आहात ना?

टिपघाशा
खंडूशेठ, भोसरीला पुणं म्हणालात तर पिंपरी-चिंचवडवाले धरून ठोकतील.

मूळ प्रश्नावर येतो. करंटला हात लावायच्या आधी टिपा बघा. क्रोम कॉपरच्या असतील तर तोंड पसरतं, निकेल चिकटून बसतं, काळं पडतं. टिपेचा व्यास किती ठेवलाय? दीडचा दोन झाला तरी क्षेत्रफळ पावणेदोन पट होतं, म्हणजे तेवढाच करंट जास्त जागेत पसरतो. पण एक गोष्ट खटकतेय. तुम्ही कॉन्स्टंट करंटवर आहात, टिपा पसरत असत्या तर दुपारी वेल्ड कच्चे पडायला हवे होते. तुमच्याकडे उलट आहे, भोकं पडतायत. एखादी टिप चिरली किंवा तिरकी घासली असेल, एका कडेवर टेकत असेल, तर मात्र असं होऊ शकतं. कार्बन पेपर आणि साधा कागद ठेवून नुसतं दाबून बघा, करंट बंद ठेवून. ठसा पूर्ण गोल यायला हवा.

जुना_फोरमन_वाळूज
हवा बघा हवा. तीस वर्षं पेडस्टल मशीनवर काढली, दहातल्या सात तक्रारी हवेच्या असतात. दुपारी शेजारच्या शेडमध्ये पेंटिंग चालू झालं, कॉम्प्रेसर एकच, लाईनचं प्रेशर पडलं. ६३ एमएम बोअरचा (आतल्या व्यासाचा) हवेचा सिलेंडर ५ बारला साधारण १५५ किलो दाब देतो, तोच ४ बारला सव्वाशेच्या आसपास येतो. दाब कमी झाला की दोन पत्र्यांमधला काँटॅक्ट रेझिस्टन्स वाढतो, आणि उष्णता म्हणजे करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स गुणिले वेळ. मग स्पॅटर उडणारच की.

लोकांना वाटतं दाब वाढवला की वेल्ड पक्का होतो. दाब वाढवला की उष्णता कमी होते, करंट वाढवावा लागतो. दाब आधी ठरवायचा आणि मग त्याला हात लावायचा नाही. आमच्याकडे रेग्युलेटरला कुलूप होतं.

चार्ज_कर_रे
@टिपघाशा, टिपा दीड एमएमच्या, शिफ्टला दोनदा घासतो. ठसा बघतो.
@फोरमनकाका, कॉम्प्रेसर आमचा स्वतःचा छोटा आहे, त्यावर फक्त हेड आणि एक ब्लो गन. पण हेड फोर्स फायर्ड आहे, म्हणजे आतल्या स्प्रिंगवर ठरलेला दाब आल्याशिवाय स्विच लागत नाही आणि पल्स सुटतच नाही. मग हवा कमी असली तरी फरक पडू नये ना?

जुना_फोरमन_वाळूज
स्विच लागला की पुढे काय ते बघायचं. स्क्वीझ, म्हणजे टिपा टेकल्यापासून पल्स सुटेपर्यंतचा वेळ, किती ठेवलाय? स्विच लागताक्षणी टिपा अजून हलत असतात. त्या टेकून शांत व्हायच्या आत पल्स सुटला तर काही खरं नाही.

स्टुटगार्टकर_सचिन
माझं मत वेगळं आहे. मूळचा कोल्हापूरचा, इकडे गेली काही वर्षं हेच काम करतोय. या कामाला कॉन्स्टंट करंट ठेवलाच का? हा मोड आंधळा असतो. समोर रेझिस्टन्स वाढला तरी तो तेवढाच करंट ढकलतो, म्हणजे उष्णता वाढत जाते. कॉन्स्टंट व्होल्टेजमध्ये उलट असतं, रेझिस्टन्स वाढला की करंट आपोआप उतरतो, सुरुवातीचा स्पॅटर बराच कमी होतो. टिप पसरली तर रेझिस्टन्स पडतो आणि मशीन करंट वाढवून घेतं. म्हणजे टिपघाशांची अडचण पण बरीचशी सुटली. आणि सकाळ-दुपार दोन शेड्यूल वगैरे कृपया नको.

सातपूरची_ताई
सचिनदादा, व्होल्टेज मोड चांगलाच आहे, आम्ही रिलेच्या काँटॅक्टवर तार वेल्ड करतो तिथे तोच वापरतो. गोल तार दाबली जाते तशी टेकणारी जागा बदलत जाते, तिथे करंट मोडने तारेचे तुकडे पडतात. पण एक सांगून ठेवते, त्या मोडमध्ये टिपांपासून पॉवर सप्लायला जाणाऱ्या दोन बारीक सेन्सच्या वायरी असतात ना, त्या सैल झाल्या की मशीनला वाटतं व्होल्टेज येतच नाहीये, मग ते असेल नसेल तेवढा करंट सोडतं. आमच्याकडे टिप, तार, होल्डर सगळं एकदम गेलं, आवाज ऑफिसात ऐकू आला. म्हणून व्होल्टेज मोडला करंटची वरची मर्यादा लावल्याशिवाय बटण दाबू नका.

खवचट_खंडू
१८८६ मध्ये एलिहू थॉमसन साहेबांनी या धंद्याचं पेटंट घेतलं. आज आपण कोणत्या टप्प्यावर आहोत? "टिप घासली का रे?"

अर्धवट_इंजिनियर
घुसखोरी करतोय पण विचारून घेतो. माझ्याकडे साधं एसी मशीन आहे, १ एमएम सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा. अमेरिकन पुस्तकातल्या टेबलमध्ये १० सायकल लिहिलंय, तसंच टाकलं तर खड्डा फार खोल पडतो. करंट टेबलप्रमाणेच आहे, ९ किलोअँपच्या आसपास.

जुना_फोरमन_वाळूज
अरे बाळा, तिकडची लाईन ६० हर्ट्झ, आपली ५०. त्यांचे १० सायकल म्हणजे १६७ मिलिसेकंद, तुझे १० म्हणजे २००. वीस टक्के जास्त शिजवतोयस. ८ टाक. आणि करंट ९ आहे हे कशावरून? मीटर लावलास की पॅनेलवरच्या हीट टक्क्यावरून हिशोब केलास? टक्का म्हणजे थायरिस्टर (करंट सोडणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) किती उशिरा उघडतो एवढंच. ट्रान्सफॉर्मरचा टॅप बदलला, लाईनचं व्होल्टेज पडलं, की तोच टक्का आणि वेगळा करंट. मोठी लोखंडी जॉब मशीनच्या घशात, म्हणजे दोन हातांच्या मधल्या जागेत, आत सरकवली तरी करंट पडतो. आमच्याकडे ट्रेचं वेल्डिंग होतं, पहिला स्पॉट पक्का आणि शेवटचा कच्चा, कारण तोपर्यंत अख्खा ट्रे दोन हातांच्या मध्ये गेलेला असायचा.

अर्धवट_इंजिनियर
मीटर नाहीये काका 😅

टिपघाशा
मग ९ किलोअँप हा अंदाज आहे, सेटिंग नाही. टोरॉइड कॉइलवाला मीटर एक दिवस भाड्याने आणा.

चाकण_रोबो
आमच्या बॉडी शॉपला तर गॅल्वनाइज्ड पत्रा. जस्त ४२० डिग्रीला वितळतं आणि तांब्याच्या टिपेत शिरून पितळ करून टाकतं, टिप पिवळी दिसायला लागते. करंट साध्या पत्र्यापेक्षा जास्त, वेळ पण जास्त, आणि स्टेपर लावावाच लागतो, म्हणजे स्पॉट मोजत मोजत कंट्रोलर थोडा थोडा करंट चढवत नेतो. ठराविक स्पॉटनंतर रोबो स्वतः जाऊन टिप ड्रेस करतो, मग स्टेपर परत शून्यावर. कधी कधी मेंटेनन्सवाला नवीन टिप लावतो आणि स्टेपर रिसेट करायला विसरतो. नवीकोरी टिप आणि म्हातारपणीचा करंट. त्या दिवशी लाईनवर जायचं नाही, बास.

सातपूरची_ताई
"म्हातारपणीचा करंट" 😂 हे शॉपमध्ये लिहून लावणार.

अनघा_क्यूए
सगळं वाचलं. @चार्ज_कर_रे, तुम्ही करंट प्रोग्राम केलाय म्हणजे करंट तर १.४ येणारच, तो बघून काही कळणार नाही. तुमचं मशीन प्रत्येक वेल्डनंतर व्होल्टेजही दाखवत असणार, बहुतेक इन्व्हर्टर सप्लाय दाखवतात. चांगल्या वेल्डला किती येतं आणि भोक पडतं तेव्हा किती, हे टाका इथे. त्याशिवाय आपण सगळे हवेत बोलतोय. फोरमनकाकांची हवा वेगळी.

आणि शेड्यूल कसं बसवायचं असं विचारलंय तर आम्ही कसं करतो ते सांगते. टिप आणि दाब पक्का करायचा, मग वेळही धरून ठेवायची, आणि करंट खालून वर थोडा थोडा चढवत जायचं. प्रत्येक पायरीला चारपाच नमुने ओढून बघायचे. आधी नुसतं चिकटतं, मग अर्धवट तुटतं, मग बटण यायला लागतं, पुढे बटण मोठं होत जातं, आणि एका ठिकाणी स्पॅटर उडतो. बटण यायला लागलं ती खालची हद्द, स्पॅटर ती वरची. या दोन्हींच्या मधलं अंतर किती आहे ते सगळ्यात महत्त्वाचं. ते फारच अरुंद आलं तर करंटशी झटापट करत बसायचं नाही, दाब नाहीतर टिप बदलायची आणि परत पहिल्यापासून. अंतर भरपूर असेल तर मध्ये कुठेतरी बसा, जरा वरच्या बाजूला. आयएसओ १४३२७ मध्ये पत्र्यासाठी हीच पद्धत ग्राफसकट आहे. सप्लायरचा माणूस हे करत नाही कारण याला अख्खा दिवस जातो, आणि तुमचे सेल खर्च होतात ते वेगळंच. नमुन्यांना रिकामे डबे किंवा खराब सेल वापरा, पण डब्याचा पत्रा तोच हवा.

वेल्ड १ आणि २ बद्दल: पहिला पल्स छोटा असतो तो पट्टी सेलवर नीट बसवायला, मळ आणि ऑक्साइड बाजूला करायला. तुमचा ठीक वाटतोय.

स्टुटगार्टकर_सचिन
अनघाताईंशी सहमत, फक्त एक जोड. एका बाजूने दोन टिपा असतील तर थोडा करंट सेलपर्यंत न जाता पट्टीतूनच आडवा जातो. पट्टीला दोन टिपांच्या मध्ये चीर आहे का? नसेल तर चिरेची पट्टी घ्या, फार फरक पडतो. आणि डीसीमध्ये एका टिपेखालचं बटण दुसरीपेक्षा मोठं येतं, पेल्टिए इफेक्टमुळे (दोन धातूंच्या जोडावर करंटच्या दिशेप्रमाणे उष्णता कमी-जास्त होते). काही मशीनमध्ये दुसऱ्या पल्सची पोलॅरिटी उलटी करता येते, त्याने दोन्ही बरेच सारखे होतात.

चार्ज_कर_रे
चीर आहे. एका बाजूचं बटण मोठं येतं हे मात्र खरंय, आम्ही इतके दिवस हेड तिरकं आहे म्हणून ऑपरेटरला बोलत होतो.

खवचट_खंडू
पेल्टिए साहेबांच्या पापाचं फळ ऑपरेटरला.

चार्ज_कर_रे
आकडे आणलेत. ठसा गोल येतोय, स्क्वीझ वाढवून बघितला, काहीच फरक नाही. पण व्होल्टेज! चांगल्या वेल्डला १.१ च्या आसपास. काल दुपारी भोकं पडली तेव्हा १.५, १.६. आणि अनघाताई, ते हळूहळू चढत नाहीये. एका पॅकला १.१ आणि पुढच्या पॅकपासून एकदम १.५.

अनघा_क्यूए
एकदम उडी आहे ना, मग टिप, हवा, गरम होणं हे बहुतेक नाही. त्याने हळूहळू सरकलं असतं. मध्ये काहीतरी बदललं. सेलचा लॉट किंवा पट्टीचा रोल. त्या वेळेला ऑपरेटरने नवीन रोल लावला होता का?

टिपघाशा
+१. माझा पैसा पट्टीवर. ग्राइंडरला लावून बघा. शुद्ध निकेलला ठिणगी जवळजवळ नसते, असली तर आखूड, लालसर. निकेल चढवलेलं लोखंड असेल तर लख्ख पिवळ्या ठिणग्यांचा झोत. चुंबकाने बघू नका, निकेल पण चिकटतं, त्यात लोक फसतात.

सातपूरची_ताई
ग्राइंडर नसेल तर वजन करा. निकेलची घनता ८.९, लोखंडाची ७.८५. दोन्ही रोलचे सारख्या मापाचे लांब तुकडे काटेकोर कापा, दहाबारा टक्क्यांचा फरक साध्या डिजिटल काट्यावर दिसतो.

चार्ज_कर_रे
टिपघाशाभाऊ पाय कुठे आहेत तुमचे. लख्ख झोत. दोन सप्लायरचे रोल एकाच रॅकवर आहेत, दोन्हीवर "निकेल स्ट्रिप" लिहिलेलं. सकाळचा रोल जेवणाच्या सुमारास संपतो, आणि मग जो हाताला येईल तो लागतो. म्हणून कधी व्हायचं, कधी नाही.

अनघा_क्यूए
जुळलं मग. लोखंडाचा रोध निकेलच्या दीडपट ते दुप्पट, त्यात तेवढाच १.४ ढकलला की भोक पडणारच. मिलिओहम मीटर असेल तर आवक तपासणीला लावून टाका: ८ एमएम रुंद, ०.१५ जाडीची १ मीटर पट्टी शुद्ध निकेल असेल तर ६० ते ८० मिलिओहमच्या मध्ये, लोखंडाची १०० च्या वर.

आता महत्त्वाचं. भोकं फक्त पट्टीला पडली आहेत का हे बघा. सेलच्या डब्याचा पत्रा पाव मिलिमीटरच्या आसपास असतो. त्या दुपारचे पॅक बाजूला काढा, पट्टी सोलून खालचा डबा तपासा. गोडसर वास आला तर तो पॅक बाहेर उघड्यावर ठेवा, शॉपमध्ये नको.

स्टुटगार्टकर_सचिन
बघा, व्होल्टेज मोडवर असते तर १.१ च धरून ठेवलं असतं, करंट खाली आला असता आणि भोकं पडली नसती. मी आधीच म्हणत होतो.

अनघा_क्यूए
भोकं पडली नसती, आणि म्हणूनच लोखंडाच्या पट्टीचे पॅक गुपचूप ग्राहकाकडे गेले असते. पट्टी जास्त तापते, दमट हवेत गंज धरते, हे एका पावसाळ्यानंतर कळलं असतं. भोकांनी उलट उपकार केले. मोड कुठलाही ठेवा, जो आकडा प्रोग्राम केलेला नाही त्याला वरची-खालची मर्यादा लावा.

स्टुटगार्टकर_सचिन
मर्यादा लावायला माझी ना नव्हतीच. मर्यादेसकट व्होल्टेज मोड, यावर मी ठाम आहे. करंट कमी आला की मशीन ओरडलंच असतं.

जुना_फोरमन_वाळूज
तुम्ही दोघं एकच बोलताय, भांडताय कशाला. चार्जभाऊ, तो रोल परत पाठवा.

चार्ज_कर_रे
काका, परत घेतील असं वाटत नाही, बिलावर फक्त "स्ट्रिप" लिहिलंय. सोलर दिव्यांच्या पॅकला करंट अगदी थोडा असतो, तिथे लोखंडाची पट्टी चालेल असा विचार आहे, ग्राहकाला सांगून. तिच्यासाठी वेगळं शेड्यूल नंबर २ बसवतो, अनघाताईंनी सांगितलं तसं खालून वर चढवत. म्हणजे दोन शेड्यूल झालीच शेवटी 😀 पण ऑपरेटरने २ वर ठेवून निकेल लावलं तर? मग कच्चे वेल्ड.

सातपूरची_ताई
रॅक वेगळे, रोलच्या टोकाला रंग. आणि पहिल्या पल्सलाच व्होल्टेजची मर्यादा लावता येते बघा तुमच्या मशीनमध्ये, बाहेर गेलं की दुसरा पल्स सुटतच नाही. म्हणजे पट्टी चुकली तर भोक पडायच्या आधीच मशीन थांबतं. मेनूत इनहिबिट किंवा तसंच काहीतरी नाव असेल.

चाकण_रोबो
आणि पासवर्ड टाका. सुपरवायझर रजेवर गेला की कोणीतरी करंट चढवतंच.

खवचट_खंडू
पासवर्ड १२३४ ठेवा आणि मशीनवर स्केचपेनने लिहा, म्हणजे विसरणार नाही.

चाकण_रोबो
खंडूशेठ तुम्ही आमच्या शॉपला येऊन गेलात का?

अर्धवट_इंजिनियर
माझं ८ सायकलवर जमलं, खड्डा कमी झाला, छिन्नी मारली तरी बटण निघतंय. फोरमनकाका धन्यवाद. मीटर आणतोय.

चार्ज_कर_रे
इनहिबिट सापडलं, वेल्ड १ च्या मॉनिटर पानावर होतं. दोन्ही पट्ट्यांचं पहिल्या पल्सचं व्होल्टेज स्वच्छ वेगळं दिसतंय, मध्ये मर्यादा बसते. त्या दुपारचे पॅक सोलायला घेतलेत, आतापर्यंतचे डबे शाबूत आहेत. एक शेवटचं, मोठ्या पॅकला तांब्याची पट्टी घ्यायचा विचार चाललाय. याच टिपांनी होईल का?

टिपघाशा
या टिपांनी नाही. तांब्यावर तांब्याची टिप लावली तर उष्णता तयार होते त्याहून वेगाने निघून जाते. टंगस्टन किंवा मॉलिब्डेनमची टिप लागेल, ती स्वतः तापते आणि खालचं तांबं तापवते. वर पातळ निकेल ठेवून खाली तांबं असंही करतात. त्याचा वेगळा धागा काढा, तिथे सगळं परत पहिल्यापासून बसवावं लागणार, दाबापासून.

जुना_फोरमन_वाळूज
धागा काढा तेव्हा हेडच्या सिलेंडरचा बोअर आणि टिपेचं माप पहिल्याच पोस्टमध्ये टाका.